आठवडाभराचा पंडित

निवृत्त बाप अमेरिकेत मुलीकडे राहायला आला की पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग तो जावयाला डिशवॉशर कसा लावायचा ते शिकवू लागतो. मी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे माझी प्रगती जरा जास्तच वेगानं झाली. जावयाच्या गृहकर्जाचा व्याजदर, कचऱ्याच्या डब्यांचा क्रम, शेजारच्या आजोबांनी टोमॅटोला पाणी घालायची वेळ, या सगळ्यांवर माझी मतं तयार होती आणि कुणी विचारायची वाट न पाहता मी ती देत होतो. एके सकाळी शेजारच्या आजोबांनी टोमॅटोच्या कुंड्या उचलून घराच्या पलीकडच्या बाजूला नेल्या. त्याच संध्याकाळी मुलीनं लॅपटॉप उघडला.

"बाबा, तुम्हाला बोलायला माणसं हवीत ना?"

"मला कशाला? त्यांनाच मी हवा असेन तर गोष्ट वेगळी."

"शाळेत घालते तुम्हाला," ती म्हणाली. तिची आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिनं नुसतं, "डबा देईन मी," एवढंच म्हटलं.

मुलगी राहते कनेटिकटात, हॅम्डनला. तिथून न्यू हेवनच्या दिशेनं जाणाऱ्या प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर, टेकाडावर, येल विद्यापीठाची डिव्हिनिटी स्कूल आहे. डिव्हिनिटी स्कूल म्हणजे पाद्री घडवायची जागा असं मी समजत होतो, आणि ते अर्धंच खरं आहे. चर्चची नोकरी धरणारे तिथे असतात, तसे नुसताच धर्माचा इतिहास नाहीतर तत्त्वज्ञान शिकणारेही असतात. येलमध्ये हा विभाग 1822 पासून स्वतंत्र आहे. तिथली पाद्रीपणाची नेहमीची पदवी तीन वर्षांची. पण जूनमध्ये पोरं सुट्टीवर गेली की तिथे एकेका आठवड्याचे छोटे अभ्यासक्रम चालतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. पैसे भरा, सोमवारी या, शुक्रवारी जा.

ही सोय मुख्यतः नोकरीतल्या पाद्र्यांसाठी. अमेरिकेत डॉक्टरांना आणि हिशेबतपासनिसांना परवाना टिकवायला ठरावीक तास शिकावं लागतं, तशी अपेक्षा बऱ्याच पंथांत पाद्र्यांकडूनही असते. प्रेस्बिटेरियन पाद्र्याच्या नेमणुकीच्या अटींतच वर्षाला निदान दोन आठवड्यांची अभ्यासरजा लिहिलेली असते. दहा तास वर्गात बसलं की एक 'सीईयू', म्हणजे निरंतर शिक्षणाचं एक एकक, पदरात पडतं. बँकेत असताना आम्हालाही लोणावळ्याला प्रशिक्षणाला पाठवत. थकीत कर्जांविषयी तिथे काय सांगितलं ते आता आठवत नाही. पण आमच्या तुकडीतल्या कुणालाही चिक्की कुठून घ्यावी हे रात्री झोपेतून उठवून विचारा.

मुलीनं यादी पुढे धरली. बायबलमधल्या स्त्रिया, ध्यान, चर्चमधलं संगीत, असे विषय होते. माझं बोट थांबलं ते 'प्रवचनकला' या विषयावर. जे येतं तेच शिकायला जावं, निवृत्तीत दुसरं सुख काय असतं? मी चाळीस वर्षं निरोपसमारंभांत बोललो आहे. एका शिपायाच्या निरोपाला मी ज्ञानेश्वरीपासून रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकापर्यंत गेलो होतो आणि तो शिपाई रडला होता. त्याची शेवटची बस चुकली म्हणून रडला, असं नंतर काही लोक म्हणाले. असतात असे लोक.

सोमवारी सकाळी मी कोट घातला. धाकट्या पुतण्याच्या लग्नातला, राखाडी. मुलीनं फाटकाशी सोडलं. आत गेल्यावर समोर हिरवळीचा लांबलचक चौक, दोन्ही बाजूंना लाल विटांच्या पांढऱ्या खांबांच्या बैठ्या इमारती, आणि टोकाला मनोऱ्याचं प्रार्थनामंदिर. 1932 साली हे बांधलं तेव्हा व्हर्जिनियात थॉमस जेफरसननं उभारलेल्या विद्यापीठाचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला होता म्हणे. जूनचं ऊन, दमट हवा आणि कोट. वर्गात पोचलो तर आमच्या प्राध्यापिकाबाई सपाता घालून आलेल्या आणि एक पाद्री चक्क अर्ध्या चड्डीत. मला पाहून बाई लगबगीनं उठल्या. त्यांना वाटलं विद्यापीठाच्या कार्यालयातून कुणीतरी तपासणीला आलं.

चहाच्या टेबलाशी मी लगेच ज्ञानदानाला सुरुवात केली. म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे का, या विद्यापीठाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो इलायहू येल आमच्या मद्रासचा गव्हर्नर होता? 1687 ते 1692. ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर राहून खाजगी धंद्यात हात मारले, म्हणून कंपनीनंच त्याला खुर्चीवरून उठवलं. पुढे 1718 साली त्यानं इथल्या कॉलेजला गाठोडीभर कापड वगैरे माल, चारशेवर पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं एक चित्र धाडलं. माल विकून पैसे उभे राहिले आणि कॉलेजला नाव मिळालं. अशा माणसाला मी शाखेत खातंसुद्धा उघडू दिलं नसतं! सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अर्ध्या चड्डीतला पाद्री म्हणाला, "हो. आम्ही यावर बऱ्याचदा बोलतो." माझं तासाभराचं भांडवल असं पहिल्या कपातच विरघळलं.

वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या. ओळख सुरू झाली. अर्ध्या चड्डीवाले व्हर्मांटचे, दोन खेड्यांतली दोन चर्चं एकटेच सांभाळणारे; रविवारी सकाळी पहिल्या गावात बोलून गाडी हाकत दुसऱ्या गावात तेच बोलायचं. एक मेथडिस्ट बाई. एक इस्पितळातल्या चॅप्लेन, म्हणजे रुग्णांपाशी बसणाऱ्या पाद्रीण. मूळचे नायजेरियाचे एक अँग्लिकन पाद्री, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. एक निवृत्त दंतवैद्य, जे पाद्री नव्हते पण आयुष्यभर लोकांना बोलू न दिल्यामुळे आता ऐकायला आले होते. आणि माझ्या शेजारी मॅसॅच्युसेट्सच्या एक उंच, वाळक्या, ऐंशीच्या आसपासच्या काँग्रिगेशनल पंथाच्या निवृत्त पाद्रीणबाई, पायात धावायचे बूट.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी हिंदू. भारतातून आलो. आमच्या घरात कीर्तनाची परंपरा आहे."

परंपरा म्हणजे काय, तर नगरला आमच्या वाड्यात गणपतीत बुवा उतरत आणि आजी त्यांना दूध पाठवी. पण वर्गातल्या सगळ्यांचे चेहरे असे उजळले की आता त्यांना दुधाचा हिशेब सांगणं जिवावर आलं. त्या क्षणापासून मी पौर्वात्य ज्ञानाचा अधिकृत वितरक झालो. मधल्या सुट्टीत कुणी कर्माविषयी विचारी, कुणी पुनर्जन्माविषयी. एकानं अद्वैत आणि द्वैत यांतला फरक थोडक्यात विचारला. शाखाधिकाऱ्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सवय नसते. तो 'हेड ऑफिसला विचारून कळवतो' म्हणतो. इथून हेड ऑफिस फार दूर होतं. तेव्हा मी सगळंच सांगितलं.

रात्री जेवताना मी हे हिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "अहो, गेल्या एकादशीला तुम्ही खिचडीत कांदा मागितला होता."

आता त्या वर्गातल्या शिकवण्याविषयी. मला वाटलं होतं, हात कसे हलवावेत, कुठे थांबावं, विनोद कुठे पेरावा, असं काही असेल. तसलं काही नव्हतं. बाईंनी बायबलमधलं योनाचं छोटंसं पुस्तक घेतलं होतं, चारच अध्यायांचं. योनाची गोष्ट माशापुरती सगळ्यांना माहीत असते. देव त्याला सांगतो, निनवे नगरीला जा आणि त्यांना बजाव. निनवे म्हणजे शत्रूची राजधानी. योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो, वादळ येतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मासा गिळतो, तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकतो. मग मात्र तो निमूट निनवेला जातो आणि एकच वाक्य बोलतो: चाळीस दिवसांत निनवे उलथणार. मूळ हिब्रूत ते जेमतेम पाच शब्द आहेत. आणि सगळं शहर पश्चात्ताप करतं. राजा राखेत बसतो, गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवतात.

"जगातलं सगळ्यांत यशस्वी प्रवचन," बाई म्हणाल्या, "आणि प्रवचनकार त्यावर चिडून बसतो."

तर रीत अशी, की उतारा एकानं सावकाश वाचायचा, मग सगळ्यांनी थोडा वेळ गप्प राहायचं, आणि मग प्रत्येकानं आपल्याला काय दिसलं तेवढं सांगायचं. मेथडिस्ट बाई म्हणाल्या, योना सारखा खाली खालीच जातो: खाली बंदरावर, खाली जहाजाच्या तळात, शेवटी समुद्राच्या तळाशी. चॅप्लेनबाई म्हणाल्या, एवढ्या वादळात हा झोपलेला आहे; माझ्याकडे असे पेशंट येतात. व्हर्मांटवाल्यांनी हेच उतारे आयुष्यात किती वेळा हाताळले असतील याची गणतीच नको. अमेरिकेतल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चांत कुठल्या रविवारी काय वाचायचं याचं सामाईक वेळापत्रक असतं, 1992 सालचं. ते तीन वर्षांनी फिरून पहिल्यावर येतं, आणि योनाही त्याबरोबर येतो. तरी ते म्हणाले, "खलाशी योनाला समुद्रात टाकण्याआधी वल्ही मारून बघतात. परके लोक, पण त्याला वाचवायला धडपडतात. हे मी आजवर कधी बोललोच नाही."

मी म्हणालो, "हा कर्मयोग आहे."

बाई हसल्या. म्हणाल्या, "हा निष्कर्ष झाला. तुम्हाला दिसलं काय?"

मला काय दिसलं? मी पान पाहिलं. खरं तर गप्प बसायच्या वेळात मी पुढचं वाक्य जुळवत होतो, उतारा कानावरूनच गेला होता. मी म्हटलं, "मासा." बाईंनी मान डोलावली. "मासा. छान," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी अदबीनं वहीत 'मासा' लिहून घेतलं.

मंगळवारी दुपारी हिरवळीवर डबा उघडला. शेजारी वाळक्या बाई सँडविच घेऊन बसल्या. "भारतात कुठले?" त्यांनी विचारलं. म्हटलं, महाराष्ट्र. त्यात कुठले? आता नाव बदललंय, अहिल्यानगर म्हणतात, पण आम्ही आपले नगरचे.

"अहमदनगर!" बाई जवळजवळ उभ्याच राहिल्या. त्यांच्या घराण्यातली कुणी एक आजी-पणजी तिथे शाळेत शिकवायला होती. "म्हणजे तुम्हाला ह्यूम माहीतच असणार!"

आता विचार करा. समोर भावुक झालेली ऐंशीची बाई. डोळ्यांत पाणी. मी काय 'नाही' म्हणू? आणि ह्यूम मला माहीत नव्हता असंही नाही. ह्यूम पाइप कोणाला माहीत नाही? मी म्हटलं, "अहो, ह्यूमचं काय विचारता! आमच्या जिल्ह्यात असा रस्ता नाही की ज्याच्याखाली ह्यूम नाही. ओढा असो, नाला असो, पावसाळ्यात पाणी पलीकडे जातं ते ह्यूममुळेच. वरून ट्रक जातात, बैलगाड्या जातात, पण तो हलत नाही."

बाईंनी सँडविच खाली ठेवलं आणि पर्समधून वही काढून हे सगळं लिहून घेतलं.

बुधवारी त्यांनी मला धरून ग्रंथालयात नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जॉर्ज एडवर्ड डे नावाच्या हिब्रूच्या प्राध्यापकानं जगभरच्या मिशनऱ्यांचे कागद आणि पुस्तकं गोळा करायला घेतली, तो संग्रह इथे आहे. बाईंनी अमेरिकन मराठी मिशनचे जुने छापील अहवाल आधीच काढून ठेवायला सांगितले होते. मी चष्मा पुसला. पिवळ्या पानावर इंग्रजीत नावं होती: राहुरी. वडाळा. पारनेर. शिरूर. ज्या गावांना मी शाखा तपासायला एसटीनं गेलो होतो, ती इथे कनेटिकटात एका टेबलावर, आणि प्रत्येकापुढे शाळा किती, पोरं किती.

मग बाई सांगत गेल्या आणि मी, प्रथमच, ऐकत गेलो. अँडोव्हरच्या सेमिनरीत शिकलेली तरुण पोरं 1812 मध्ये अमेरिकेतून जहाजानं निघाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना हाकलायला टपलेलं. तीच अँडोव्हर सेमिनरी पुढे न्यूटनच्या सेमिनरीत मिसळली आणि 2017 पासून याच येलच्या टेकाडावर नांदते. सिंथिया फरार 1827 साली एकटी मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि 1862 साली नगरलाच गेली. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं ते नगरला या बाईची शाळा पाहून. "हे तर तुम्हाला शाळेतच शिकवत असतील," बाई म्हणाल्या. मी घसा खाकरला.

आणि ह्यूम. रॉबर्ट ॲलन ह्यूम: जन्म भायखळ्याचा, 1847 चा, वडीलही मिशनरीच. शिक्षण इथे येलला, मग अँडोव्हरला. 1874 साली नगरला गेले, 1878 साली तिथे पाळक घडवायची शाळा काढली, दुष्काळात लोकांना जगवलं म्हणून सरकारनं कैसर-ई-हिंदचं सुवर्णपदक दिलं. त्यांच्या नावाचं चर्च नगरला अजून आहे. मी त्यावरून सायकलनं गेलेलो आहे, आणि ते पाइपवाल्यांनी बांधलं असावं अशी माझी समजूत होती.

पण बाईंना खरं सांगायचं होतं ते पुढेच. ह्यूम रजेवर अमेरिकेत आले तेव्हा इथे एक मोठं भांडण पेटलेलं होतं. ज्याच्या कानावर ख्रिस्ताचं नाव आयुष्यात पडलंच नाही, त्याचं मेल्यावर काय? कर्मठांचा निकाल साफ होता: नरक. अँडोव्हरचे काही प्राध्यापक म्हणू लागले, मेल्यानंतर का होईना, त्याला एक संधी मिळत असेल. प्रकरण इतकं चिघळलं की त्या प्राध्यापकांवर पाखंडाचे आरोप झाले, पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. 1886 साली ह्यूम एका मेजवानीत उठून प्राध्यापकांच्या बाजूनं बोलले. झालं! मिशनच्या बोर्डानं त्यांना नगरला परत धाडायचंच अडवून धरलं. बऱ्याच चर्चेनंतर सोडलं.

बँकेतल्या माणसाला हे तात्काळ कळतं. हा मुदतवाढीचा अर्ज होता. म्हणजे माझे पणजोबा नगरला पडवीत बसून निवांत सुपारी कातरत होते, आणि बारा हजार किलोमीटरवर बोस्टनात दाढीवाले विद्वान टेबलं बडवत त्यांच्या फायलीवर भांडत होते: या इसमाला मुदतवाढ द्यावी की थेट जप्ती आणावी? पणजोबांना कुणी एक नोटीस पाठवली नाही. पाठवली असती तरी त्यांनी ती घेतली नसती म्हणा. ते पोस्टमनला सोवळ्यात भेटत नसत.

"त्या पाइपांचं काम दुष्काळातलं का?" बाईंनी वही उघडून विचारलं.

माझ्या तोंडून एवढंच आलं: "दुष्काळ फार मोठा होता."

त्यांनी 'दुष्काळ' लिहून खाली रेघ मारली.

गुरुवार माझा. नियम साधा होता: प्रत्येकी आठ मिनिटं, मग बाई पितळेची एक छोटी घंटा वाजवणार. मी ठरवलं, या लोकांना नारदीय कीर्तन दाखवायचं. आमच्या नगरच्याच भूमीत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांत आणलं. मी योनाला कीर्तनात आणतो. ही कल्पना मला तीन वाजता रात्री सुचली आणि त्या वेळी ती फार मोठी वाटली. हिनं झोपेतच विचारलं, "आठ मिनिटांत?" मी म्हटलं, "अगं, आशय महत्त्वाचा."

कीर्तनात आधी नमन. नमन आटोपशीर ठेवलं, गणपती, शारदा आणि गुरू एवढंच. मग पूर्वरंग: विषय क्रोध. योना का चिडला हे कळायला आधी क्रोध म्हणजे काय हे कळायला हवं, आणि ते कळायला गीतेचा दुसरा अध्याय. तिथून मी तुकोबांकडे गेलो, तुकोबांवरून विनोबांकडे, आणि विनोबांवरून, ओघात, आमच्या शाखेतल्या एका कर्जवसुलीकडे, जिथे कर्जदारानं माझ्या अंगावर म्हैस सोडली होती पण मी रागावलो नाही. म्हैस अंगावर येत असताना घंटा वाजली.

मला वाटलं फोन. मी थांबलो नाही. घंटा पुन्हा वाजली. नायजेरियाचे पाद्री पुढे झुकून माझ्याकडे अशा काही कळकळीनं पाहत होते की मी त्यांच्यासाठी म्हैस तरी पूर्ण केली. तिसऱ्या घंटेला बाई उठून उभ्या राहिल्या. योना अजून बंदरावरसुद्धा पोचला नव्हता. मासा तर समुद्रात वाट बघतच राहिला.

मग अभिप्राय. इथे निंदा करायची नाही आणि स्तुतीही नाही; 'मी काय ऐकलं' एवढंच सांगायचं. फार वेळ कुणी काही ऐकलेलं दिसेना. शेवटी मेथडिस्ट बाई म्हणाल्या, "तुमच्या धैर्याबद्दल आभार." अमेरिकेत राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. चॅप्लेनबाई म्हणाल्या, "मी एक असा माणूस ऐकला, ज्याला शांतता आवडत नाही." व्हर्मांटवाले म्हणाले, "म्हशीचं पुढे काय झालं?" दंतवैद्यांनी नुसता जबडा चोळला. माझ्या मदतीला आले ते नायजेरियाचे पाद्री. खिडकीची काच थरथरवत ते म्हणाले, "आमच्याकडे आठ मिनिटांत फक्त 'बसा' म्हणून होतं." त्या माणसाला मी नगरला यायचं निमंत्रण दिलेलं आहे.

शुक्रवारी शेवटचं सत्र. घरच्यांना यायची मुभा होती, म्हणून ही आणि मुलगी मागच्या खुर्च्यांवर येऊन बसल्या. वाळक्या बाईंची पाळी होती. त्यांनी हातात कागदसुद्धा घेतला नव्हता. त्या बोलल्या ते योनाच्या शेवटच्या अध्यायावर: निनवे वाचली म्हणून तो शहराबाहेर फुरंगटून बसतो, देव त्याच्यावर एका रोपाची सावली धरतो, ते रोप एरंडाचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी कीड लागून ते वाळतं. योना रोपासाठी हळहळतो. देव विचारतो, तू एका रोपासाठी हळहळतोस, मग मी या एक लाख वीस हजार माणसांसाठी हळहळू नको का, ज्यांना उजवं-डावं कळत नाही, आणि इतक्या गुराढोरांसाठी? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. यहुदी लोक दरवर्षी योम किप्पूरला, उपास करून, हेच वाचतात. तिथून बाई अलगद ह्यूमवर आल्या. योना चिडला, कारण लोकांना मुदत मिळाली. ह्यूमनं लोकांसाठी मुदत मागितली, म्हणून त्याच्यावर लोक चिडले. सगळा वर्ग पुढे सरकून ऐकत होता. मीही.

"आणि या माणसाचं काय उरलं?" बाई म्हणाल्या. "ते मला आपल्या अहमदनगरच्या मित्रानं सांगितलं. त्या जिल्ह्यात असा एकही रस्ता नाही की ज्याच्याखाली आज ह्यूम नाही. त्यानं पाणी पलीकडे नेलं. वरून बैलगाड्या जातात, ट्रक जातात. तो हलत नाही."

चॅप्लेनबाईंनी डोळे टिपले. नायजेरियाचे पाद्री "आमेन" म्हणाले. साडेसात मिनिटांत बाई खाली बसल्या, आणि सगळे वळून कृतज्ञतेनं माझ्याकडे पाहू लागले. मी मान किंचित झुकवली. मागे वळायची हिंमत नव्हती, पण हिच्या बांगड्यांचा आवाज ओळखण्याइतका संसार झालेला आहे.

चहाच्या वेळी ही थेट वाळक्या बाईंकडे गेली. मला घाम फुटला. पण तिनं माझं नाव काढलंच नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तिनं शाळेत वाचलेलं, मग लग्नानंतर वाचलेलं, मग सून आली तेव्हा पुन्हा. तिनं आपल्या इंग्रजीत लक्ष्मीबाईंविषयी सांगायला घेतलं: नवरा, म्हणजे तेच नारायण वामन, 1895 साली ख्रिस्ती झाला, ही बाई मात्र आपलं सोवळं घेऊन वेगळी राहिली, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेनं बाप्तिस्मा घेतला. इंग्रजी शब्द अडला की ती मुलीकडे बघे, मुलगी शब्द देई, आणि गाडी पुढे. वर्ग हळूहळू तिच्याभोवती गोळा झाला. कुणी घंटा वाजवली नाही. मी कोटातल्या माणसाचं काम केलं: लोकांना चहा दिला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ह्यूम पाइप?"

"तांत्रिकदृष्ट्या," मी म्हटलं, "मी खोटं काही बोललो नाही. रस्त्यांखाली आहेतच."

मुलगी गाडी चालवत होती. तिला रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, इतकी ती हसत होती.

प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात आलं. वर्गात घालवलेले तास त्यावर लिहिलेले आहेत. किती वेळ ऐकलं ते लिहायला रकाना नाही, हे बरंच. नंतर वाळक्या बाईंची ईमेलही आली. त्यांचं ते प्रवचन त्यांच्या चर्चच्या वार्तापत्रात छापून आलं आहे, आणि त्यात 'अहमदनगरच्या एका विद्वान मित्रा'चे आभार आहेत. मी त्याची छापील प्रत काढून फायलीला लावली. ही म्हणते, त्यांना कळवा. कळवीन. आधी त्यांचं ऐंशीचं वय, त्यात वार्तापत्र सगळीकडे वाटूनही झालेलं. योग्य वेळ बघून कळवायला हवं.

नगरला परतल्यावर आमच्या पेन्शनर संघानं माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय: 'अमेरिकेतील धर्मशिक्षण'. सचिवांनी फोनवर विचारलं, किती वेळ लागेल? म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, पाऊण तास धरू. पूर्वरंगाला पुरेल.